पारवा कुठाय?

“मामा, पारवा कुठाय?”

भाची भिंतीला नाक लावून उभी होती. भिंतीवर साडेचार इंच लांबीचा रंगांचा पट्टा पडला होता आणि ती एकेका रंगावर बोट ठेवत निघाली होती. ता, ना, पि, हि, नि. तिथे बोट अडलं. पुढे थेट जा.

“असेल की तिथेच. निळ्या-जांभळ्याच्या मध्ये.”

“मध्ये काही नाहीये. निळा संपतो आणि जांभळा सुरू होतो. तूच बघ.”

चष्मा चढवून पाहिलं. खरंच नव्हता. तानापिहिनिपाजा हा मंत्र मी पस्तीसेक वर्षांपूर्वी घोकला, परीक्षेत उतरवला, त्याचे मार्क घेतले आणि पुढे इंद्रधनुष्य दिसलं की शेजारच्या पोराटोरांना ऐटीत म्हणूनही दाखवला. पारवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलायस का, असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

जानेवारीतली गोष्ट. भाचीची दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर होती आणि तिचं विज्ञान बघायला म्हणून ताईनं मला सांगलीला बोलावून घेतलं होतं. प्रकाशाचा धडा चालू होता. आमच्या वेळचं वक्रीभवन आता अपवर्तन झालंय, पण आकृती तीच: मधे त्रिकोण, डावीकडून एक रेघ, उजवीकडे सात रेघा. ती आकृती भाचीला डोळे मिटून काढता येत होती. लोलक, म्हणजे तो काचेचा त्रिकोणी ठोकळा, मात्र तिनं हातात घेतलेला नव्हता. शाळेत होता म्हणे, काचेच्या कपाटात. मग शाळांना प्रयोगाचं सामान पुरवणाऱ्या एका दुकानात जाऊन मी दीडशे-दीडशे रुपयांचे दोन लोलक आणले. “दोन कशाला?” ताईनं विचारलं. मी म्हटलं, खरी गंमत दुसऱ्यातच आहे.

मागची खोली पूर्वेची. खिडकीला फ्रिजचा जुना खोका खाकी चिकटपट्टीनं ठोकून बसवला, फटींत वर्तमानपत्र कोंबलं आणि खोक्याला चौकोनी खिडकी कापून तिथे काळा कागद लावला. कागदाला भोक पाडलं ऑफिसातल्या पंचिंग मशीननं. त्याचं भोक सहा मिलिमीटरचं असतं. हाच प्रयोग करणाऱ्या न्यूटनच्या खिडकीच्या झडपेला पाव इंचाचं भोक होतं, म्हणजे सहाच्या किंचित वर. सतराव्या शतकातला इंग्रज आणि आपलं पंचिंग मशीन यांचं एवढं जमावं, याचं मला उगाचच अप्रूप वाटलं.

काचेतून रंग निघतात हे न्यूटनच्या आधी सगळ्यांना माहीत होतं, हे आपल्या पुस्तकात स्पष्ट सांगितलेलं नसतं. लोलक जत्रेत मिळायचे. केंब्रिजजवळच्या स्टर्ब्रिजच्या जत्रेतूनच त्यानं आपला लोलक आणला, असं सांगतात. त्याला चकित करायला रंग पुरेसे नव्हतेच. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं १६३७ मध्ये इंद्रधनुष्याबद्दल लिहिताना लोलक वापरला होता. रॉबर्ट बॉइलचं रंगांवरचं पुस्तक १६६४ चं, रॉबर्ट हूकचं ‘मायक्रोग्राफिया’ १६६५ चं. रंग येतात कुठून याबद्दल प्रत्येकाचं स्वतःचं मत होतं, पण तळाशी एक समजूत समान होती आणि ती थेट ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली: पांढरा प्रकाश हा मूळचा, शुद्ध, एकजिनसी. रंग म्हणजे त्या शुद्धतेत झालेला बिघाड. अंधार मिसळला, काच आडवी आली, की पांढऱ्या धोतराला हळद लागावी तसा प्रकाशाला रंग लागतो. समजूत अगदी शहाणी वाटते. काच नसली तर रंग नाही, काच आली की रंग आला. मग रंग काचेनंच केला, दुसरं काय?

प्लेगमुळे १६६५ मध्ये केंब्रिजचं विद्यापीठ बंद झालं आणि न्यूटन वूल्सथॉर्पला, आपल्या आईच्या घरी गेला. वय बावीस. पुढे ६ फेब्रुवारी १६७२ ला त्यानं रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांना एक पत्र लिहिलं. ते त्याच महिन्यात सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापून आलं. त्यात तो सांगतो की १६६६ च्या सुरुवातीला, गोल नसलेल्या आकाराची भिंगं घासण्याच्या नादात असताना, रंगांचे ते ‘सुप्रसिद्ध’ चमत्कार पाहायला आपण एक त्रिकोणी लोलक मिळवला. रंग बघून आधी मजा वाटली, असंही तो लिहितो. मग त्याचं लक्ष गेलं ते भलतीकडेच. पट्टा लांबट का आहे?

हा प्रश्न मला पस्तीस वर्षांत पडला नव्हता. पट्टा म्हणजे लांबटच असणार की! पुस्तकात तसाच असतो.

हा प्रश्न का पडायला हवा, हे कवडशावरून कळतं. कौलांच्या फटीतून येणारा कवडसा जमिनीवर गोल पडतो, फट मात्र वेडीवाकडी असते. झाडाखालच्या सावलीतले उन्हाचे ठिपकेही गोल. कारण तो ठिपका फटीचा नसतो, सूर्याचा असतो. फट लहान आणि जमीन लांब असली की प्रत्येक कवडसा हे सूर्याचं चित्र असतं. न्यूटनच्या खिडकीतून आलेला किरणही असाच होता. मधे काच आली म्हणून तो वळेल, मान्य, पण त्या काळी माहीत असलेल्या वक्रीभवनाच्या नियमानुसार, आणि लोलक त्यानं ज्या बेतानं धरला होता त्या बेतात, चित्र गोलच राहायला हवं होतं. गोल सूर्य, गोल भोक, गोल कवडसा.

आणि भिंतीवर काय होतं? भिंत लोलकापासून २२ फुटांवर. पट्टा सव्वातेरा इंच लांब आणि २ पूर्णांक ५/८ इंच रुंद. रुंदीच्या पाचपट लांबी.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला, भाचीला दाखवायला म्हणून, पण खरं तर स्वतःसाठीच. सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो; न्यूटननं ३१ मिनिटं (एका अंशाची साठ मिनिटं) धरली आहेत, म्हणजे अर्ध्या अंशाच्या एक मिनिट वर. २२ फुटांवर एवढा कोन जवळजवळ २ पूर्णांक ३/८ इंच व्यापतो. त्यात भोकाचा पाव इंच मिळवा. २ पूर्णांक ५/८. पट्ट्याची रुंदी तंतोतंत तेवढीच! म्हणजे आडव्या दिशेनं कवडसा अजून सूर्याचंच ऐकत होता. उभ्या दिशेनं मात्र त्यानं ताळ सोडला होता: ३१ मिनिटांच्या जागी २ अंश ४९ मिनिटं. एकाच ठिपक्याची एक बाजू शहाण्यासारखी वागते आणि दुसरी नाही. भाचीनं पान बघितलं आणि म्हणाली, “हे पेपरात येत नाही ना?” नाही येत.

यात मला त्या २२ फुटांचं फार कौतुक आहे. देकार्तनं लोलकामागे काही इंचांवर कागद धरला होता. हूकनं पाण्यानं भरलेल्या काचेच्या भांड्यात दोनेक फुटांत काम भागवलं. एवढ्या जवळ पट्टा लांबायला जागाच मिळत नाही. रंगीत काठांचा गोलसर पांढरा ठिपका दिसतो, आणि पांढऱ्याला काठाशी डाग लागतो ही समजूत आणखी पक्की होते. लोलक तोच, सूर्य तोच. फरक भिंत किती लांब आहे याचा.

आमची भिंत ११ फुटांवर होती. भाचीनं पट्टीनं मोजलं: रुंदी दीड इंच, लांबी साडेचार. आधी ती पेन्सिलीनं पट्ट्याच्या कडा आखत होती आणि वैतागत होती, कारण रेघ मारून पट्टी आणेपर्यंत पट्टा रेघेवरून निसटायचा. मला वाटलं लोलकाखालची पुस्तकं सरकताहेत. मग लक्षात आलं की सरकतोय तो सूर्य. दोन मिनिटांत तो आकाशात स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो, आणि ११ फुटांवर मिनिटाला अर्ध्या इंचाहून जास्त. ती रेघांवर रेघा मारत गेली आणि पांढऱ्या भिंतीवर एक शिडी तयार झाली. ताईनं ती दुपारी पाहिली. त्यावर इथे लिहीत नाही.

आता आकार विचित्र आहे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. न्यूटननं एकेक शंका काढून तपासली. काच कुठे जाड कुठे पातळ आहे म्हणून? काचेत काही दोष आहे म्हणून? की लोलकातून बाहेर पडल्यावर किरण वाकड्या वाटेनं जातात? तिरक्या रॅकेटनं मारलेला टेनिसचा चेंडू वळण घेत जाताना आपण पाहिलाय, असं तो त्या पत्रात लिहितो. (ज्यांनी आयुष्यभर क्रिकेट पाहिलंय त्यांनी इथे लेगस्पिनर आठवावा.) किरण सरळच जात होते. मग त्यानं दुसरा लोलक घेतला.

पहिल्या लोलकामागे लगेच एक फळी, तिला बारीक भोक. तिथून बारा फुटांवर दुसरी फळी, तिलाही भोक, आणि त्या भोकामागे दुसरा लोलक. पहिला लोलक हातानं सावकाश फिरवायचा, म्हणजे पट्ट्यातला कधी हा रंग तर कधी तो रंग दुसऱ्या भोकातून आत जाईल. दुसरा लोलक जागचा हलवायचा नाही. रंग हा काचेचा प्रताप असेल तर दुसऱ्या काचेनं त्या रंगाचं आणखी काहीतरी करायला हवं. तिनं काहीच केलं नाही. तांबडा आत गेला, तांबडाच बाहेर आला, थोडा वळून. निळा गेला, निळाच आला, जास्त वळून. पहिल्या लोलकात जो जास्त वळला तोच दुसऱ्यातही जास्त वळला. म्हणजे वळण हा त्या किरणाचा स्वतःचा स्वभाव. काच रंग देत नव्हती, आधीच एकत्र असलेल्यांना चाळत होती. आणि सूर्याचा पांढरा प्रकाश, तो शुद्ध, मूळचा, एकजिनसी प्रकाश, हीच भेसळ निघाली.

या प्रयोगाला त्यानं ‘एक्स्पेरिमेंटम क्रूसिस’ म्हटलं, निर्णायक प्रयोग. शब्द हूकच्या पुस्तकातून उचललेला. आणि त्याच हूकवर तो पुढे उलटला.

आमचा निर्णायक प्रयोग फसला. पोस्टकार्डाला भोक पाडून आम्ही त्यातून हिरवा पुढे सोडला, मागे दुसरा लोलक धरला आणि पलीकडच्या पांढऱ्या कागदावर हिरवा ठिपका पडला खरा, पण एका बाजूला त्याला निळसर झाक आणि दुसरीकडे पिवळट. “हिरवा फुटला,” भाचीनं निकाल दिला. न्यूटन चूक.

तिला चांगली सोबत आहे. फ्रान्समध्ये एद्म मारिओतनं हाच प्रयोग करून १६८१ मध्ये छापलं की जांभळा दुसऱ्या लोलकातून नेला तर त्यात तांबडा आणि पिवळाही दिसतो, सबब न्यूटनचं म्हणणं टिकत नाही. मारिओत कच्चा माणूस नव्हता. पुढे बरीच वर्षं युरोपातल्या पुष्कळ लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला, आणि इंग्लंडबाहेर न्यूटनचे रंग लवकर रुजले नाहीत त्याचं हे एक मोठं कारण.

आमचं काय चुकलं ते रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या कळलं. पट्टा म्हणजे सात रंगांच्या सात पट्ट्या नव्हेतच. तो सूर्यांची रांग आहे. तांबड्या सूर्याचा एक गोल कवडसा, त्याच्यावर जरासा सरकून दुसऱ्या तांबड्याचा, त्यावर नारिंगीचा, असे अगणित गोल सूर्य एकमेकांवर चढलेले, तव्यावर घाईत घातलेली धिरडी एकमेकांत शिरावीत तसे. आमच्या भिंतीवर एकेक सूर्य दीड इंचाचा आणि सगळी रांग साडेचार इंचांची. अशा गर्दीत हिरव्याच्या जागी भोक पाडलं तरी आत पिवळे आणि निळे सूर्य घुसणारच. भिंत आणखी लांब न्यायची, भोक आणखी बारीक करायचं, नाहीतर मधे भिंग घालून एकेक सूर्य छोटा करायचा. ‘ऑप्टिक्स’मध्ये न्यूटननं हे सगळं सविस्तर सांगितलंय, पण ते पुस्तक आलं १७०४ मध्ये. १६७२ च्या पत्रात त्यानं तपशील हात राखून दिले होते. लोकांनी ते पत्र वाचून घरी प्रयोग केले आणि आमच्यासारखे फसले, यात त्यांचाच सगळा दोष आहे असं मला वाटत नाही.

आणि ते साडेचार भागिले दीड. तीनपट! न्यूटनचे पाचपट कुठे गेले? हा प्रश्नही कुणीतरी आधीच विचारून ठेवला होता. लीएजच्या इंग्लिश जेझुइट कॉलेजातल्या अँथनी लूकसनं १६७६ मध्ये कळवलं की आपण काळजीपूर्वक मोजलं, पण लांबी रुंदीच्या तीन, फार तर साडेतीन पटीपलीकडे जात नाही. न्यूटन चिडला. लूकसच्या मोजण्यात किंवा त्याच्या लोलकात खोट असणार अशी त्याची खात्री, कारण काच कुठलीही असो, रंग फाकायचे ते एकाच प्रमाणात, हे त्यानं मनाशी धरलं होतं. दोघांचीही पट्टी बरोबर होती, काच वेगळी होती. काही काचा रंग जास्त फाकवतात, काही कमी. लूकसच्या त्या साडेतीनमध्ये एक शोध पडलेला होता आणि तो न्यूटनला दिसला नाही. दुर्बिणीच्या भिंगांतून येणारी रंगीत झालर कधीच घालवता येणार नाही असं त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं आणि आरशाची दुर्बीण केली होती. दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडून ती झालर घालवता येते हे लंडनच्या जॉन डॉलंडनं १७५८ मध्ये दाखवलं. सांगलीच्या दीडशे रुपयांच्या लोलकानं लूकसच्या बाजूनं साक्ष दिली, याचा मला थोडा आनंद झाला, हे कबूल करतो.

हूकची हरकत मात्र वेगळ्या जातीची होती. प्रयोग खरे आहेत, त्यानं म्हटलं, मी स्वतः करून पाहिलेत. पण रंग काचेतून बाहेर पडले म्हणून ते आधीपासून पांढऱ्या प्रकाशात होतेच, हे कशावरून? ऑर्गनच्या नळ्यांतून सूर निघतात, म्हणून ते सगळे सूर भात्यातल्या हवेत आधीपासून भरलेले होते असं म्हणायचं का?

आमच्या घरी पेटी आहे. हूकचं हे वाक्य वाचल्यावर मी खरोखर उठून पेटीचा भाता नुसताच हलवला, पट्टी न दाबता. फुस्स. भात्यात सूर नसतात, ते सूरपट्ट्यांत असतात. हूकला हरलेला, आकसखोर माणूस म्हणून रंगवायची पद्धत आहे, पण हा प्रश्न साधा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भौतिकशास्त्रज्ञ पुन्हा याच जागी आले: पांढरा प्रकाश हा अनियमित धक्क्यांचा गोंगाट मानला आणि त्यातले नियमित हेलकावे लोलक वेगळे काढतो असं म्हटलं, तरी गणित तेच येतं. दोन्ही बोलणी खरी. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या भांडणात कुणीच पूर्ण हरलं नव्हतं, हे दोघांनाही आवडलं नसतं. हूक १७०३ च्या मार्चमध्ये वारला आणि ‘ऑप्टिक्स’ पुढच्याच वर्षी बाहेर आलं. यावर टिप्पणी करायची गरज नाही.

‘ऑप्टिक्स’मधली माझी आवडती गोष्ट लोलकाची नाहीच. पांढरा हा रंगांचाच बनतो, हे न्यूटन किती परींनी दाखवतो! रंगांचा पट्टा भिंगानं एका जागी गोळा करून पांढरा करतो, आणि मग भिंगापुढून सोळा दातांची मोठी फणी सरकवतो. सावकाश सरकवली तर पलीकडे रंग एकामागून एक उमटतात. भराभर हलवली तर सगळं पांढरं. आणि मग तो चक्क रंगांच्या पुडी घेऊन बसतो. पिवळा हरताळ, हिरवा जंगाल, जांभळी पूड, निळी पूड, सगळं खलून त्याची मळकट राखाडी भुकटी होते. ती जमिनीवर उन्हात पसरायची आणि शेजारी सावलीत पांढरा कागद ठेवायचा. एवढ्यात एक मित्र भेटायला येतो. न्यूटन त्याला दारातच थांबवतो, काही न सांगता विचारतो: या दोन पांढऱ्यांपैकी जास्त चांगला कुठला? मित्र लांबून बघून सांगतो, दोन्ही चांगले पांढरे आहेत, कुठला सरस ते सांगता येणार नाही.

तो हरताळ आपल्या ओळखीचा. जुन्या पोथ्यांत लेखनिकाची चूक झाली की त्यावर पिवळा हरताळ फासून अक्षर झाकायचे. आपण अजून सरकारी आश्वासनांवर आणि नियमांवर हरताळ फासतो. पोथीत पुसायला वापरायचा पिवळा रंग केंब्रिजमध्ये कुणीतरी पांढरा सिद्ध करायला वापरला, हे वाचल्यापासून तो वाक्प्रचार लिहिताना माझा हात जरासा थबकतो.

राहिला पारवा.

त्याची गोष्ट अशी की सुरुवातीला न्यूटनही मुख्य रंग पाचच धरायचा: तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. भाचीच्या बोटानं मोजले असते त्यांतला फक्त नारिंगी कमी. पुढे त्यानं नारिंगी आणि पारवा मधे घातले. का, तर सप्तकात सूर सात. पट्टा सुरांच्या अंतरांप्रमाणे विभागता येतो असं त्याला वाटत होतं, आणि सप्तकात जिथे अर्ध्याच स्वराचं अंतर असतं त्या दोन अरुंद जागी त्यानं नारिंगी आणि पारवा बसवले. म्हणून पारव्याच्या वाट्याला एवढीशी चिंधी आली. काही अभ्यासकांचं म्हणणं की त्याचा निळा म्हणजे आपला आकाशी असावा आणि त्याचा पारवा म्हणजेच आपला निळा. असेलही. पण ज्या माणसानं पट्ट्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजली, त्यानं रंगांची संख्या गाण्यावरून ठरवली, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. तानापिहिनिपाजा म्हणताना आपण नकळत सारेगमपधनीच म्हणत असतो.

शिवाय हे रंग कुठून कुठे हे ठरवायला त्यानं स्वतःच्या नजरेवर भरवसा ठेवला नाही. रंग ओळखण्यात आपल्यापेक्षा तरबेज डोळ्यांचा एक मदतनीस होता, त्यानं पट्ट्यावर आडव्या रेघा मारून हद्दी आखल्या, असं तो नोंदवतो. मदतनिसाचं नाव देत नाही. आमच्या खोलीत ते काम भाचीकडे होतं, आणि तिनं पारव्याची हद्द आखायला साफ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं लोलक डोळ्याला लावून भिंतीकडे पाहिलं आणि ओरडली, “भिंत पांढरीच दिसतेय!” फक्त खिडकीच्या चौकटीला, स्विचबोर्डाच्या कडांना रंग. हेच पाहून गटे या जर्मन महाकवीनं न्यूटन खोटा असल्याचं जाहीर केलं होतं. मागून आणलेला लोलक परत करायची वेळ आली, तेव्हा देण्याआधी त्यानं एकदा डोळ्याला लावला, पांढरी भिंत पांढरीच राहिली आणि तो १८१० च्या त्याच्या भल्या मोठ्या ग्रंथापर्यंत त्या मतावरून हटला नाही. मी भाचीला धिरड्यांची आठवण दिली. मोठ्या पांढऱ्या भिंतीत सगळे रंग सगळीकडे एकमेकांवर चढून पुन्हा पांढरे होतात, एकटे पडतात ते फक्त काठाला. तिनं स्विचबोर्ड पुन्हा बराच वेळ पाहिला.

या धिरड्यांनी माझा पिच्छा सोडला नाही, कारण पुढचा सगळा इतिहास ती सुटी करण्याचाच आहे. विल्यम हर्शेलनं १८०० मध्ये पट्ट्यात थर्मामीटर ठेवले आणि तांबड्याच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नाही तिथे, पारा सगळ्यात जास्त चढला. भोकाच्या जागी बारीक चीर आली तेव्हा जर्मनीत फ्राउनहोफरला १८१४ मध्ये पट्ट्यात पाचशेहून जास्त काळ्या रेघा मोजता आल्या. १८५९ मध्ये हायडेलबर्गला किर्खोफ आणि बुन्सेन यांनी त्या रेघा म्हणजे मूलद्रव्यांच्या सह्या असल्याचं ओळखलं, आणि सूर्यात काय आहे हे जमिनीवर बसून सांगता यायला लागलं.

आणि मग ही गोष्ट आमच्या बाजूला येते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला सांगलीच्या पलीकडे, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, रॉयल सोसायटीतर्फे लेफ्टनंट जॉन हर्शेल स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून बघायचं यंत्र, लावून बसला होता. थर्मामीटरवाल्या हर्शेलचा नातू. त्या दिवशी देशात ठिकठिकाणी बसलेल्या निरीक्षकांना सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत तेजस्वी रेघा दिसल्या. त्यांतली एक पिवळी होती. बहुतेकांनी ती सोडियमची समजली, कारण सोडियमची जागा अगदी तिच्या शेजारी. तरंगलांबीच्या मापात सोडियमच्या जोडरेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.६ ला. एवढासाच फरक. तो पक्का केला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरनं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना. त्या रेघेच्या मालकाला हेलियम हे नाव पडलं, आणि तो पृथ्वीवर हाती लागायला १८९५ उजाडलं.

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि लॉकियरनं हेलियम इथेच शोधला म्हणून सांगतात. १८ ऑगस्टला तिथे कार्यक्रमही होतो. १८६८ मध्ये लॉकियर भारतात नव्हता. तो विजयदुर्गला आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. (त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते. त्यांचे ओटे कुणी दाखवत नाही.) मला ती चुकीची तारीख फार खटकत नाही, कारण खरी गोष्ट अधिक चांगली आहे. लॉकियरच्या तुकडीनं विजयदुर्गला आणलेल्या कॅमेऱ्यांत काही असे होते की त्यांच्या भिंगापुढे थेट लोलक बसवलेला, चीर नाहीच. चिरेची गरज नव्हती. खग्रास होता होता सूर्याची नुसती कोर उरते, केसाएवढी बारीक. धिरडी पातळ करायचं काम चंद्रानं केलेलं असतं. मग न्यूटनच्या भिंतीवर एकमेकांवर चढलेले ते सूर्य एकदाचे सुटे होतात आणि प्रत्येक रंगात एकेक कोर वेगळी उभी राहते.

असं चित्र मी भाचीला मोबाइलवर दाखवलं, अलीकडच्या कुठल्याशा ग्रहणाचं, रंगीत. काळ्या पडद्यावर ओळीनं कोरी: एक तांबडी, ती हेलियमची पिवळी, मग एक निळसर हिरवी, आणि त्यानंतर बरीच जागा सोडून आणखी एक. हायड्रोजनची, ४३४ नॅनोमीटरची. आकाशी तर नाहीच, पण जांभळीही म्हणवत नाही. तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, मोबाइल नाकाशी नेला, आणि शेवटच्या त्या कोरीवर नख ठेवलं.

“हा?”